भाईंदरहून आणलेली मळकट काच

तुम्ही कधी एखाद्या माणसाचं काम डोळ्यांनी न बघता त्याला खोटं ठरवलं आहे का? उत्तराची घाई करू नका. मी ठरवलं आहे. नुसतं मनातल्या मनात नाही, तर गुलाबी कागदावर, ठळक टायपात, पाचशे प्रती छापून. त्यातली एखादी तुमच्याही घरात असेल. म्हणूनच भाईंदरच्या तीन दिवसांची ही हकिकत तुम्हाला सांगणं भाग आहे.

आमचा छापखाना म्हणजे पुढे ट्रेडल मशीन आणि मागे घर. अंकलिपी हातात येण्याआधी मी पत्रकं वाचत होते. हुंड्याविरुद्धची, पगारवाढीची, भोंदूबाबांना आव्हान देणारी. लिंबातून रक्त कसं काढतात ते मला सातव्या वर्षीच येत होतं. त्यामुळे कुठेही कुणी काही चमकवून दाखवलं की माझे डोळे आधी त्याच्या बाहीकडे जातात.

कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनात तेच झालं. भौतिकशास्त्राच्या वैशाली शिर्के मॅडमनी एक काचपट्टी मांडली होती. अर्धी कोरी, अर्धीवर चांदीचा पातळ हात. चांदीचा म्हणायचा, दिसायला मात्र चहाच्या डागासारखा. दोन्ही भागांवर एकाच बाटलीतला एकेक थेंब टाकून वाळवलेला. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा वर धरला की दोन्ही थेंब लाल उजळायचे, पण डागावरचा थेंब कितीतरी जास्त. मॅडम सांगत होत्या, थेंबात उजेड देणारे कण आहेत, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. चांदीचे तितकेच बारीक दाणे शेजारी असले की त्या कणांचा उजेड वाढतो. असं जमलं तर रक्तातल्या रोगाची अगदी बारीकशी खूणसुद्धा स्वस्तातल्या दिव्याखाली दिसू शकेल.

मी विचारलं, "चांदी कुठे चढवली?"

"भाईंदरला," त्या म्हणाल्या. "बांगड्यांना मुलामा देतात त्या गाळ्यात."

मी हसले, आणि घरी जाऊन लिहायला बसले. 'चांदीचा चमत्कार की हातचलाखी?' एका बाजूला जास्त थेंब टाकला नाही कशावरून? बांगड्यांच्या कारखान्यात कसलं आलंय संशोधन? पत्रक गावभर वाटलं. आठवडाभरात मॅडमच्या लॅबला कुलूप लागलं, किल्ली प्राचार्यांच्या खणात गेली. महिनाअखेर समितीसमोर खुलासा करा, नाहीतर प्रकल्प बंद, असं पत्र त्यांच्या हातात पडलं. तीन वर्षांचं काम होतं ते. पत्रकाने दणका दिला म्हणून मी खूश होते.

एका दुपारी मॅडम छापखान्यात आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "मुक्ता, मी भाईंदरला पुन्हा पट्ट्या करायला चाललेय. तू चल. काचा तू विकत घे, तूच सांभाळ. थेंबांची बाटली माझ्या घरी आहे, ती तुझ्याकडे ठेव, थेंबही तूच टाक. जे दिसेल ते छाप."

"खोटं निघालं तरी?"

"तरी. माझी अट एकच. जे दिसेल ते आधीच्याच मापाच्या टायपात छापायचं."

वडिलांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

शुक्रवार, जेसल पार्क

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. एसटीत पाठ दुखते, हे तुम्हालाही माहीत आहे. उतरलो ते भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कातल्या सुमनमावशींकडे. या मॅडमच्या सख्ख्या मावशी. पूर्वी गिरगावात राहायच्या, जागा पुरेना म्हणून इकडे आल्या. दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यात पाण्याची चार निळी पिंपं. आमच्याकडे विहीर आहे, पाणी कितीही उपसा. इथे पाणी दिवसातून अर्धा तास येतं आणि त्या अर्ध्या तासात अख्खी बिल्डिंग पळत असते. शेजारच्या गुजराती वहिनींनी दार ठोठावून ओरडून सांगितलं, "सुमनबेन, पानी आला!" आणि मावशी माझ्या हातात पाइप देऊन म्हणाल्या, "पाहुणी नंतर हो. आधी हा धर."

संध्याकाळी भाजी घ्यायला त्यांच्याबरोबर खाली गेले. मावशी भाजीवाल्याशी हिंदीत बोलत होत्या. "भैया, गवार कैसा दिया?" मला राहवेना. मी भाजीवाल्याला सरळ मराठीत विचारलं, "दादा, गाव कुठलं?"

"चोपडा. जळगाव जिल्हा," तो म्हणाला.

मावशी थक्क झाल्या. "अरे मेल्या, सहा वर्षं माझ्याशी हिंदी बोलतोयस!"

"तुम्हीच सुरू केलंत ना, काकू. मला वाटलं तुम्हाला मराठी येत नसेल."

तिघंही हसलो. मासळीसाठी मात्र मावशींचं हिंदी चाललं नसतं. उत्तनची कोळीण टोपली उतरवून बसली होती. मावशी बोंबील दाबून बघायला लागल्या तर ती म्हणाली, "दाबतेस काय गो बाय? ताजा हाय, कालचा न्हाय. माझा हात हाय का न्हाय त्याच्यावर?" मावशींनी मुकाट्याने पैसे काढले.

जेवताना मी मॅडमना छेडलं. "चांदीने उजेड वाढतो, तर थेंब चांदीच्या भांड्यातच का नाही ओतायचा?"

मॅडमनी गॅसवरच्या जाळीकडे बोट केलं. मावशी पोह्याचे पापड भाजत होत्या. "मावशी, पापड ज्योतीत घातला तर?"

"कोळसा होतो."

"आणि फार उंच धरला तर?"

"कच्चा राहतो. हा काय प्रश्न झाला, वैशाली?"

"बरोबर बोटभर वर धरला की फुलतो. कणाचंही तसंच आहे गं, मुक्ता. तो चांदीला चिकटला तर त्याचा उजेड चांदीच गिळून टाकते. लांब गेला तर चांदीचा काही उपयोग नाही. मधे अगदी थोडीशी जागा लागते, म्हणून मी पट्टी पातळ लाखेत बुडवून घेते. आणि चांदीसुद्धा सलग चालत नाही. अळूच्या पानावर पाणी राहतं तशी थेंबाथेंबांनी राहायला हवी. ते थेंब दिव्याचा उजेड पडला की तो आपल्याभोवती गोळा करतात. म्हणून तो डाग मळकट दिसतो."

ऐकायला छान होतं. पण छान बोलणारे बाबा मी पुष्कळ बघितले आहेत. काचांचा डबा मी उशाशी घेऊन झोपले.

शनिवार, गाळा

भाईंदर पूर्वेच्या त्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात स्टीलचे डबे ठोकतात, दुसऱ्यात वह्या शिवतात, तिसऱ्यात प्लास्टिकच्या बांगड्या सोन्याच्या होतात. आमचा तिसरा. मालक जिग्नेशभाई दारातच भेटले. "आवो बेन, आवो. मॅडमचा काम म्हंजे आपला शोकेस. पैशे कमी, पण लोकांना सांगता येतो, आमच्याकडे सायन्स होतो!" त्यांच्या टेबलावर नोटा तपासायचा जांभळा दिवा होता. मी तो हेरून ठेवला.

मशीन सांभाळत होते तुकाराम घाणेकर. मूळचे संगमेश्वरचे, या गाळ्यात एकोणीस वर्षं. सगळे त्यांना काका म्हणतात. मशीन म्हणजे माणूस उभा मावेल एवढं लोखंडी पिंप, त्याला जाड दार. आत माल टांगतात, पंपाने हवा ओढून काढतात आणि मधल्या तारेवर ठेवलेला धातू विजेने तापवून उडवतात. वाफ सगळीकडे बसते. पांढरी बांगडी क्षणात आरशासारखी होते, मग तिला पिवळी लाख दिली की सोनं. डोळ्यांदेखत झालं तरी पटत नाही. आमच्या गावात लग्नात मिरवलेल्या कितीतरी बांगड्या इथूनच आल्या असतील.

पहिली फेरी सुरू करायच्या आधी काकांनी उदबत्ती लावली.

माझं डोकं भडकलं. "काका, यंत्राला उदबत्ती? एकोणीस वर्षं मशीन चालवताय आणि अजून हे?"

पंप चालू करून काकांनी उदबत्ती दाराच्या रबराशी नेली आणि कडेकडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता. उजव्या कोपऱ्यात मात्र तो एकदम वाकला आणि फटीत शिरला.

"बघितलंस, बाय?" काका म्हणाले. "इथून हवा खातोय. देवाची वेगळी हाय, ती घरी लावतो." त्यांनी रबर पुसून ग्रीस लावलं, पुन्हा उदबत्ती फिरवली. आता धूर सरळ राहिला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. चोवीस तासांच्या आत माझी एक गोष्ट चुकली होती.

मग पाणी संपलं. हवा ओढणारा मोठा पंप पाण्याने गार ठेवावा लागतो आणि टँकर काही आला नव्हता. जिग्नेशभाई फोनवर टँकरवाल्याला तीन भाषांत शिव्या देत बसले, आणि मॅडम मला खाडीकडे फिरायला घेऊन गेल्या. मिठागरं तिथून दिसत होती. चौकोन चौकोन पाणी आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग, ऊन असं परतत होतं की डोळे बारीक करावे लागत होते. आमच्याकडे याच महिन्यात सगळं गवत पिवळं पडलेलं असतं. इथे पांढरं होतं.

"या खाऱ्या हवेत चांदी एका रात्रीत काळवंडते," मॅडम म्हणाल्या. "टँकर उशिरा आला तर आज लाख वाळायला वेळ उरणार नाही, म्हणून पट्ट्या रात्रभर मशीनच्या पिंपातच, हवेबाहेर ठेवाव्या लागतील. सकाळी काढायच्या आणि लगेच लाखेत बुडवायच्या."

"रात्रभर? आणि मी घरी?"

"सील लाव ना तू."

टँकर चार वाजता आला. मी काचा डब्यातून काढल्या, प्रत्येकीचा अर्धा भाग चांदीच्या वर्खासारख्या पातळ पत्र्याने स्वतः झाकला. मॅडमनी चांदीच्या तारेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काकांना दिला. काकांनी तो तळहातावर घेऊन बघितला. "एवढ्यात काय व्हायचं?"

"एवढंच हवंय, काका."

दाराला छोटी काच असते, तिच्यातून मी बघत होते. तार लाल झाली, पिवळी झाली, चांदीचा मणी झाला आणि दिसेनासा झाला. काकांनी पंपाची झडप बंद केली. आतल्या पट्ट्यांचे उघडे भाग मळकट, तपकिरी पडले होते. काकांचा चेहरा कसनुसा झाला. कुणी आपल्या ताटात करपलेली भाकरी वाढावी तसा.

"हा रिजेक्ट माल झाला, मॅडम."

"नाही काका, हाच बरोबर झाला."

काका मान हलवत राहिले. मी दाराच्या फटीवर कागदाची पट्टी गोंदाने चिकटवली आणि तिच्यावर आडवी सही केली.

रविवार, सकाळी

नऊ वाजता आम्ही गाळ्यावर पोचलो. माझी सही मधोमध फाटली होती.

मी दार उघडायला लावलं. आत पट्ट्या होत्या. त्यांचे अर्धे भाग लखलखत होते. चहाचा डाग गेलेला, आरसा झालेला, माझं तोंड त्यात दिसत होतं.

"वा, मॅडम!" मी ओरडले. "सील तोडून पट्ट्या बदलल्या. हेच करायचं होतं तर मला कशाला आणलंत?" हातात मोबाइल होता. घरच्या नंबरवर बोट होतं. वडिलांना सांगून मथळा जुळवायला लावायचा, एवढंच बाकी होतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. बोलले ते काका, ते मागच्या दारातून चहा घेऊन येत होते.

"सील मी फोडलं. ओरडतेस कुणावर?" त्यांनी किटली खाली ठेवली. "सकाळी सातला आलो. सुट्टी असून आलो. एवढ्या लांबून दोन बाया येतात आणि माझ्या हातचा रिजेक्ट घेऊन जाणार? आमच्यात तसं नसतं. डागी माल गाळ्याबाहेर जात नाय, त्याला दुसरा हात मारतात, गिऱ्हाइकाला विचारत नाय आणि पैसे लावत नाय. नेहमीचं ॲल्युमिनियम मारलं. बघ कसं आलंय!"

त्यांना खरंच वाटत होतं की आम्ही खूश होऊ.

मला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, "कशावरून? तुम्ही दोघं मिळून ठरवलं नसेल कशावरून?"

तेव्हा मॅडम बोलल्या, आवाज न चढवता. "मुक्ता, थेंबाची बाटली तुझ्या पिशवीत आहे. टाक. याच पट्टीवर टाक. एक आरशावर, एक काचेवर."

मी टाकले. पंख्याखाली वाळवले. जिग्नेशभाईंच्या टेबलावरचा दिवा आणला, मॅडमचा नव्हे. टेबलाखाली अंधार होता. मी आणि काका गुडघ्यांवर बसून आत वाकलो.

कोऱ्या काचेवरचा थेंब लाल दिसत होता. आरशावरचा जवळजवळ विझलेला होता. राखेखालच्या विस्तवासारखा, असून नसल्यासारखा.

"हा तर मेला," काका म्हणाले.

मॅडमनी वरूनच विचारलं, "मुक्ता, मला फसवायचं असतं तर मी कुठली पट्टी घेऊन गावात आले असते? चकचकीत की मळकट? लोकांना काय आवडतं?"

मी टेबलाखालून बाहेर आले नाही. तिथेच बसून राहिले. त्यांचं म्हणणं खरं होतं. प्रदर्शनात त्यांनी मळकट डाग मांडला होता, ज्याला काकांसारखा माणूस रिजेक्ट म्हणतो. लोकांना भुलवणारा कुणीही असा डाग मांडणार नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नव्हती, कारण मी डागाकडे बघितलंच नव्हतं. मी मॅडमच्या बाहीकडे बघत होते.

काकांचा चेहरा उतरला होता. "म्हंजे मी चांगलं केलं ते वाईट झालं?"

"हो काका," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले. "समिती परवा आहे."

काकांनी चहा तसाच ठेवला आणि शिडी लावून माळ्यावरच्या टाकीत डोकावले. आज टँकर येणार नव्हता. "एका फेरीपुरतं पाणी हाय. चांदी?"

"एकच तुकडा उरलाय."

"मग एकदाच." त्यांनी जिग्नेशभाईंना फोन लावला, "शेठ, मशीन लावतोय, माझी चूक झाली," एवढंच सांगितलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

मी डब्यातून नव्या काचा काढल्या. आदल्या दिवशी काही चुकलं असतं तर मला आनंद झाला असता. आता मी काचेवर पत्रा घालताना प्रत्येक कड दोनदा तपासत होते. काकांनी उदबत्ती मला दिली. "तू फिरव. तुला गळती शोधायची सवय हाय."

टोमणा होता, पण मी फिरवली. धूर कुठेच वाकला नाही.

चांदी उडाली. काच मळकट झाली आणि काकांचा हात स्विचवर घुटमळला. त्यांना आणखी मारावंसं वाटत होतं, ते त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. "एकोणीस वर्षं अर्धा हात मारून मशीन बंद केलं नाय मी," म्हणाले, डोळे घट्ट मिटले आणि स्विच पाडला.

रविवार, दुपारी

पट्ट्या तिथल्या तिथे लाखेत बुडवल्या. एक मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली, कारण पापडाची गोष्ट मला तपासायची होती. थेंब टाकायला आम्ही मावशींकडे आलो. काकाही आले. घरी जेवायला जायचं सोडून, जिग्नेशभाईंचा दिवा पिशवीत घालून आले. "माझा रिजेक्ट काय करतो ते मला बघू दे."

घरात अंधार होईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे बाथरूम. पट्टी कशी झाकली आहे, कुठला भाग चांदीचा, हे फक्त मला माहीत होतं. मावशी तर गाळ्यात आल्याच नव्हत्या. म्हणून मी त्यांनाच आत घेतलं. पिंप, बादल्या, मावशी, मी, मागे मॅडम आणि दारात काका. दार लोटलं.

"अगं, पाय कुणाचा?" मावशी.

"माझा, माफ करा," काका.

मी दिवा लावला. "मावशी, कुठला थेंब जास्त उजेड देतोय?"

"हा डावीकडचा. हा तर पेटलाय! दुसरा आहे, पण मिणमिणता."

डावा भाग चांदीचा होता. मी पट्टी फिरवून पुन्हा विचारलं. "आता उजवीकडचा," मावशी म्हणाल्या. मग मी दुसरी पट्टी धरली, लाखेत न बुडवलेली, जिथे थेंब सरळ चांदीला चिकटला होता. "हा कसला? चांदी नाही का याला?" त्यांनी विचारलं. थेंब मंद होता. पापड ज्योतीत पडला होता.

सहा पट्ट्या बघितल्या. पाच लाखेच्या, पाचही वेळा मावशींचं बोट बरोबर चांदीवर. थेंब माझ्या हाताने टाकलेले, एकाच ड्रॉपरने, सारखे मोजून.

मग काका म्हणाले, "एकोणीस वर्षांत रिजेक्टमधून उजेड आलेला पहिल्यांदा बघतोय." मागे मॅडम पालथ्या बादलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, चहा टाक गं. साखर जास्त."

मी तुम्हाला खरं सांगते. मी हरले होते, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी बाथरूमच्या दाराला टेकून हसत सुटले. आमच्या गावात खरं काम करणारी माणसं मोजकी आहेत. त्यातली एक खोटी निघाली असती तर माझं पत्रक जिंकलं असतं आणि आपण सगळे थोडे थोडे हरलो असतो. ती खरी निघाली. तिला मी बुडवायला निघाले होते आणि ती बुडाली नाही.

मी मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू दे. टायपाचं माप लक्षात आहे ना?"

निघताना काकांनी एक पट्टी मागून घेतली, मळकट. गाळ्यात मशीनवर लावणार म्हणाले, म्हणजे पुढच्या वेळी हात शिवशिवला तर तिच्याकडे बघता येईल.

परतल्यावर

मंगळवारी समितीसमोर मी साक्षीला उभी राहिले आणि जे बघितलं ते सांगितलं. एका सदस्यांनी विचारलं, "पण आधी तर तुम्हीच..." मी म्हटलं, "हो, मीच. आणि आधी मी काहीच बघितलं नव्हतं." मग दिवा आणि पट्टी त्यांच्या हातात दिली, त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. प्राचार्यांनी खण उघडला. किल्ली मॅडमच्या हातात पडली तेव्हा तिचा आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो.

तुमच्या हातातलं हे पांढरं पत्रक आधीच्याच मापाच्या टायपात आहे. फूटपट्टी घेऊन मोजा हवं तर. प्रतीही पाचशेच आहेत. पण पहिल्या पाचशे प्रती मला परत घेता येत नाहीत, त्या तुमच्या कपाटात, वहीत, दुकानाच्या गल्ल्याखाली आहेत. म्हणून एक काम तुमच्यावर सोपवते. ते गुलाबी पत्रक शोधा. फाडू नका. माझ्या नावाखाली पेनाने लिहा, 'हिने तेव्हा बघितलं नव्हतं.' आणि ते वाचून तुम्ही ज्या माणसाला शिर्के मॅडमबद्दल काही सांगितलं असेल, त्याच्याच घरी जा आणि हा पांढरा कागद त्याच्या हातात द्या. आजच जा.